हवापालट आणि घरपालट

आपल्या भाषेंत ‘थंड हवेचें ठिकाण’ हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे कीं, तो उच्चारतांच महाबळेश्वर, माथेरान, पांचगणी हीं नांवें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ‘उबदार हवेचें ठिकाण’ असें कोणीं मराठींत म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या देशांत वैशाखाचें ऊन अंगणांत क्षणभर उभें राहूं देत नाहीं, त्या देशांत ऊब ही शोधण्याची वस्तु नसून टाळण्याची वस्तु आहे. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं १८२९ सालीं साताऱ्याच्या छत्रपतींशीं करार करून महाबळेश्वरचा माथा मिळविला. पुढें १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे माथेरानचा डोंगर चढले. आणि गारव्यासाठीं डोंगर गांठण्याची साहेबांची रीत हळूहळू आपल्याहि अंगवळणी पडली.

उत्तरेकडील शीत देशांत हा व्यवहार नेमका उलटा आहे. इंग्लंड, जर्मनी, स्वीडन, कॅनडा येथील मध्यमवर्गीय गृहस्थ नोकरींतून मोकळा होण्याच्या सुमारास नकाशा पुढें घेऊन बसतो आणि त्यावर दक्षिणेकडे बोट फिरवूं लागतो. स्पेनचा किनारा, पोर्तुगालचा दक्षिण भाग, कॅनरी बेटें, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा एखाद्या ठिकाणीं घर करावें आणि उरलेलें आयुष्य उन्हांत घालवावें, अशी त्याची कामना असते. कोणी म्हणेल कीं, हा परक्यांचा प्रश्न. मराठी मासिकांत त्याची चर्चा कशाला? परंतु आज आमच्या कितीएक वाचकांच्या घरांचें टोरोंटो, शिकागो, लंडन या शहरांशीं रक्ताचें नातें जडलेलें आहे. तीस-चाळीस वर्षांपूर्वीं तिकडे गेलेलीं आपलीं माणसें आतां निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभीं आहेत, आणि तोच नकाशा त्यांच्याहि पुढें उलगडलेला आहे. तेव्हां, केवळ हवा पाहून आपलें घर निवडण्यास मनुष्य मोकळा आहे काय, आणि तसें तें निवडल्यास त्या निवडीबरोबर कांहीं ऋण त्याच्या माथीं येतें काय, या प्रश्नाचा विचार अस्थानीं होणार नाहीं.

प्रथम एक गोष्ट प्रांजळपणें मान्य केली पाहिजे. ज्यांनीं उत्तरेचा हिंवाळा सोसलेला नाहीं त्यांनीं या इच्छेस हंसूं नये. हेलसिंकी शहरीं डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सहा तासांहूनहि कमी वेळ क्षितिजावर असतो, आणि तोहि बहुधा ढगांआड. १९८४ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दर हिंवाळ्यांत परतून येणाऱ्या एका खिन्नतेचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें आणि तीवर प्रखर प्रकाशाचा उपचार सुचविला. गोठलेल्या पायवाटेवरून पाय घसरून मांडीचें हाड मोडणें, ही वृद्धांच्या बाबतींत तेथें केवळ कल्पनेंतली भीति नाहीं. चार-चार महिने घराबाहेर पडणें हेंच ज्यास संकट वाटूं लागतें, त्यानें उन्हाची इच्छा केली तर तिला चैन म्हणणें अन्यायाचें होईल. सुखाची इच्छा आणि पीडा टाळण्याची इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नीतिशास्त्रानें त्यांस एकाच तराजूंत घालूं नये.

या ओढीचा इतिहासहि मनोरंजक आहे. १८३४ सालीं इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम हे आपल्या आजारी कन्येसह इटलीच्या वाटेवर असतां, पटकीच्या साथीमुळें सरहद्दीवर त्यांची अडवणूक झाली. नाइलाजास्तव त्यांनीं कान्स नांवाच्या कोळ्यांच्या एका लहानशा गांवीं मुक्काम केला. तेथील हवा त्यांस इतकी आवडली कीं, त्यांनीं तेथेंच घर बांधलें आणि १८६८ सालीं त्याच गांवीं देह ठेवला. त्यांच्या मागोमाग इंग्रज उमरावांची रीघ लागली आणि कोळीवाड्याचें नगर झालें. १८५९ सालीं डॉ. जेम्स हेन्री बेनेट हे क्षयानें जर्जर होऊन, मरणाची तयारी करूनच, जवळच्या मांतों गांवीं आले; आणि ते तेथें बरे झाले. त्यांनीं या किनाऱ्याच्या हवेविषयीं ग्रंथ लिहिला, आणि पुढें कित्येक वर्षें उत्तर युरोपांतील क्षयी मनुष्यें त्या गांवाची वाट धरूं लागलीं. त्यांतलीं सगळींच बरीं झालीं नाहींत. मांतोंच्या टेकडीवरील जुन्या स्मशानभूमींत परदेशी तरुणांच्या कबरी ओळीनें आहेत. ऑब्री बिअर्डस्ले हा पंचवीस वर्षांचा इंग्रज चित्रकार १८९८ सालीं याच गांवीं वारला. मध्यंतरीं १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु दाखवून दिला होता, आणि त्यावरचें पहिलें गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं सांपडलें. म्हणजे इतके लोक ज्या हवेवर भरंवसा ठेवून आले, त्या हवेच्या हातीं तो रोग बरा करण्याचें सामर्थ्य फारसें नव्हतेंच.

आपल्याकडेहि एके काळीं क्षयी माणसास पांचगणीस किंवा मिरजेस नेत असत. त्यास आपण ‘हवापालट’ म्हणत असूं. हा शब्द लक्षांत घेण्यासारखा आहे. हवापालटास गेलेला मनुष्य परत येणार हें गृहीतच असे. त्याची खाट घरांत तशीच राही, त्याचें ताट मांडलें जाण्याची वाट पाहत असे. हवा बदलली तरी घर बदलत नसे. आज आम्ही ज्याचा विचार करीत आहों तो हवापालट नव्हे, तो घरपालट आहे, आणि हा भेद वाटतो त्यापेक्षां मोठा आहे.

अमेरिकेंत ही ओढ कांहीं धनिकांपुरती न राहतां लोकसमुदायाची झाली. फ्लोरिडा संस्थानाची लोकसंख्या १९४० च्या शिरगणतींत १९ लक्षांच्या आंत होती. २०२० च्या शिरगणतींत ती २ कोटी १५ लक्षांवर गेली. ॲरिझोनाच्या वाळवंटांतील फीनिक्स शहरांत १९५० सालीं सुमारें १ लक्ष ७ हजार माणसें होतीं. २०२० सालीं १६ लक्षांहून अधिक झालीं. या वाढीचीं कारणें अनेक असलीं तरी त्यांतील एक कारण मोठें विनोदी आहे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरानें १९०२ सालीं ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठीं हवेंतील दमटपणा आवरणारी योजना केली. कागद फुगूं नये आणि रंगावर रंग नीट बसावा, एवढाच तिचा हेतु. दुसऱ्या महायुद्धानंतर वातानुकूलनाचें तेंच यंत्र घरोघर बसलें, आणि उष्ण प्रदेश थंड देशच्या लोकांस राहण्याजोगा झाला. उबेसाठीं घरदार सोडून गेलेला मनुष्य तेथें वर्षांतील कित्येक महिने खिडक्या लावून यंत्राच्या गारव्यांत बसतो! यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. त्याला जी वस्तु हवी होती तिचें नांव ऊब नसावें. हवेनें आपल्यावर कसलीहि सत्ता चालवूं नये, हें त्याच्या मनांत असावें.

हवेची माणसावर सत्ता किती, याविषयीं तत्त्वज्ञांतहि एकमत नाहीं. फ्रेंच पंडित माँतेस्क्यू यानें १७४८ च्या आपल्या कायदेविषयक ग्रंथांत मनुष्यस्वभावाचा पुष्कळसा भाग हवामानाच्या पदरीं टाकला. मेंढीची जीभ गोठवून थंडीचा मज्जातंतूंवर काय परिणाम होतो, हें त्यानें पाहिलें आणि त्यावरून राष्ट्रांच्या स्वभावाविषयीं अनुमानें बांधलीं. थंड देशचे लोक शूर व उद्योगी, उष्ण देशचे भित्रे व आळशी, हें त्याचें अनुमान आपल्या देशाच्या इतिहासापुढें टिकणारें नाहीं. सह्याद्रीच्या उन्हांत वाढलेल्या माणसांनीं काय केलें हें येथें सांगणें नको. दुसऱ्या टोकास रोमचा सेनेका आहे. आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत तो सांगतो कीं, मनाचें ओझें ज्यानें बरोबर नेलें आहे त्यास देश बदलून कांहीं लाभ नाहीं. बदलावयाचें तें मन. हें वचन ऐकावयास उदात्त आहे, परंतु संधिवातानें गुडघे धरलेल्या म्हातारीस तें ऐकविणें निर्दयपणाचें होईल. हवा सर्व कांहीं घडविते असें म्हणणारा मनुष्यास रोपटें समजतो. हवा कांहींच घडवीत नाहीं असें म्हणणारा त्यास पिशाच समजतो. मनुष्यास देह आहे म्हणून त्यास ऊन लागतें. आणि तो नुसता देह नाहीं म्हणून केवळ उन्हानें त्याचें घर होत नाहीं.

आमचे एक वर्गमित्र जवळजवळ तीस वर्षें कॅनडांतील एका शहरीं आहेत. निवृत्तीनंतर कोठें राहावें याविषयीं त्यांनीं एक तक्ता तयार करून आमच्या अवलोकनार्थ पाठविला. उभ्या बाजूस फ्लोरिडांतील दोन शहरें, ॲरिझोनांतील एक, पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील एक, मग गोवा आणि सर्वांत शेवटीं पुणें. आडव्या बाजूस हिंवाळ्यांतील तापमान, वर्षांतील उन्हाचे दिवस, कराचा बोजा, इस्पितळाचें अंतर, विमानतळाचें अंतर, आणि भारतीय वाणसामानाचें दुकान आहे कीं नाहीं, असे रकाने होते. प्रत्येक रकान्यांत गुण दिलेले होते आणि शेवटीं बेरीज होती. त्यांतला एकहि रकाना अयोग्य होता असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. साठीच्या उंबरठ्यावरच्या माणसानें इस्पितळाचें अंतर पाहूं नये तर काय पाहावें? परंतु त्या गांवांत आज कोण राहतें, त्यांची बोली काय, त्यांचें पाणी कोठून येतें, आणि आपण गेल्यानें त्यांचें बरें होईल कीं वाईट, यासाठीं त्यांत रकाना नव्हता. गांव ही जणू रिकामी खोली आहे आणि तिचा गुण म्हणजे तिच्या खिडकीचें तोंड कोणीकडे आहे एवढाच, अशी त्या तक्त्यामागची समजूत होती.

आपल्या भाषेंत या समजुतीस उत्तर आहे. नव्या गांवीं गेलेल्या माणसाविषयीं आपण विचारतों, ‘तेथलें पाणी त्याला मानवलें काय?’ येथें पारख करणारा मनुष्य नाहीं. पाणी मानवतें किंवा मानवत नाहीं. मनुष्य तेथें पाहुण्यासारखा आला आहे, आणि त्याचा स्वीकार व्हावयाचा आहे, असा भाव या बोलण्यांत आहे. तक्ता करणारा मनुष्य गांवाची परीक्षा घेतो. ‘मानवणें’ म्हणणारा मनुष्य गांवापुढें स्वतः परीक्षेस बसतो. या दोन वृत्तींत फार अंतर आहे.

तर मग हवा पाहून घर निवडण्याचा मनुष्यास हक्कच नाहीं काय? आमच्या मतें हक्क निःसंशय आहे. जन्मभूमीविषयींच्या भक्तीचें आम्हांस महत्त्व वाटतें. पण जेथें जन्म झाला तेथेंच मरावें असा दंडक कोणीं घालूं नये. पुष्कळ लोक आपल्या गांवीं राहतात ते प्रेमानें राहतात असेंहि नाहीं. कांहीं आळसानें राहतात, कांहीं भीतीनें, आणि कांहीं दुसरीकडे जाण्यास पैसा नाहीं म्हणून. जन्म ही कोणाची करणी नव्हे, तेव्हां जन्मस्थानीं नुसतें राहणें हा सद्गुणहि नव्हे.

प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादांत एक विचार आहे, तो येथें उपयोगी पडेल. सॉक्रेटिसास देहांताची शिक्षा झालेली असते आणि त्याचा मित्र त्यास तुरुंगांतून पळून जाण्याचा आग्रह करतो. तेव्हां अथेन्सचे कायदे आपल्याशीं बोलत आहेत अशी कल्पना सॉक्रेटिस करतो. कायद्यांचा युक्तिवाद थोडक्यांत असा: ज्यास हें नगर आवडत नसेल त्यास आपली चीजवस्तु घेऊन दुसरीकडे जाण्याची आम्हीं कधींच मनाई केली नव्हती; दार उघडें असतांहि जो येथें राहिला त्यानें आपल्या वागण्यानेंच आम्हांशीं करार केला. हा युक्तिवाद नुसत्या राहण्यासहि करार मानतो. मग जो मनुष्य दूर देशाहून, दहा ठिकाणें तोलून, समजून उमजून एखाद्या गांवीं येतो, त्याचा करार किती अधिक स्पष्ट मानला पाहिजे! जन्मानें मिळालेल्या गांवाविषयीं ‘मला कोणीं विचारलें होतें?’ असें म्हणण्यास निदान जागा आहे. निवडलेल्या गांवाविषयीं ती सोय उरत नाहीं. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, जन्मलेल्या गांवापेक्षां निवडलेल्या गांवाचें ऋण अधिक असतें. ज्यानें तेथील ऊन निवडलें त्यानें तेथील उन्हाळा, तेथील पाणी, तेथील माणसें आणि त्यांचीं दुःखें हींहि निवडलीं.

या ऋणाचीं दोन उदाहरणें, एक तें नाकारल्याचें आणि एक तें फेडल्याचें, शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. १ जानेवारी १९६० रोजीं फीनिक्सजवळ सन सिटी, म्हणजे सूर्यनगरी, या नांवाची वसाहत निवृत्तांसाठीं उघडण्यांत आली. लहान मुलांच्या कुटुंबांस तेथें घर करतां येत नाहीं. नातवंडें यावीं तीं पाहुणीं म्हणून. रस्ते स्वच्छ, बागा नीटस, शेजारी समवयस्क, आणि आभाळ बहुतेक नेहमीं निरभ्र. परंतु हें गांव ज्या शाळा-विभागांत मोडत होतें त्या विभागांत आसपासच्या मुलांसाठीं शाळा बांधण्याचे कर्जाचे ठराव आले, तेव्हां सूर्यनगरीच्या मतदारांनीं ते पुन्हां पुन्हां हाणून पाडले. अखेर १९७० नंतरच्या दशकांत त्यांचें गांवच त्या विभागांतून वगळावें लागलें. आपलीं मुलें आम्हीं दुसरीकडे शिकविलीं, तेथील कर आम्हीं भरले, आतां परक्या मुलांचा भार आम्हांवर कां, असा त्यांचा हिशेब असावा. हिशेब म्हणून तो चुकलेला म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या भूमीचें ऊन आपलें त्या भूमीवरचीं मुलें परकीं, हें म्हणणें घरांत राहणाऱ्याचें नव्हे, धर्मशाळेंत उतरणाऱ्याचें आहे.

दुसरें उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचें. एडिंबरोच्या धुक्यांत जन्मलेल्या या लेखकाचीं फुप्फुसें लहानपणापासून दुबळीं होतीं. हवेच्या शोधांत तो मांतोंला गेला, आल्प्स पर्वतांतील दाव्होसला गेला, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिला, आणि शेवटीं पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांत १८९० च्या सुमारास त्यानें घर केलें. तोहि हवेसाठींच आला होता, हें विसरूं नये. पण आल्यावर त्यानें तेथील भाषा शिकून घेतली. जर्मनी, इंग्लंड व अमेरिका हीं राष्ट्रें त्या बेटांच्या राजकारणांत ढवळाढवळ करीत होतीं, त्याविरुद्ध त्यानें वर्तमानपत्रांत पत्रें लिहिलीं व १८९२ सालीं एक पुस्तकच प्रसिद्ध केलें. तेथील नायक कैदेंत पडले तेव्हां तो त्यांस तुरुंगांत जाऊन भेटला. सुटका झाल्यावर त्या नायकांनीं कृतज्ञतेनें त्याच्या घरापर्यंत स्वतःच्या हातांनीं रस्ता बांधून दिला. ३ डिसेंबर १८९४ रोजीं तो वारला, तेव्हां सामोआच्या लोकांनीं डोंगरावर वाट तोडून त्याचा देह माथ्यापर्यंत वाहून नेला. चव्वेचाळीस वर्षांच्या आयुष्यांतलीं शेवटचीं चार-पांच वर्षेंच तो तेथें राहिला. पण तें त्याचें घर होतें, याविषयीं कोणास शंका घेतां येणार नाहीं.

स्टीव्हन्सनला सामोआ मनापासून आवडलें होतें. परंतु ऋण फेडण्यास आवड लागतेच असें नाहीं. चेखव्हास डॉक्टरांनीं क्षयामुळें क्रिमियांतील याल्टा येथें राहावयास लावलें. तेथें तो कंटाळे, मॉस्कोच्या आठवणीनें झुरे. तरीहि त्यानें तेथें झाडें लाविलीं, आणि उबेच्या आशेनें रिकाम्या हातांनीं येणाऱ्या गरीब क्षयरोग्यांकरितां आरोग्यधाम व्हावें म्हणून वर्गणी गोळा केली. आवडीचा प्रश्न मनाचा आहे. ऋणाचा प्रश्न कृतीचा आहे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, ‘आम्ही घर रोख पैसे देऊन घेतलें, कर वेळेवर भरतों, दुकानदारास गिऱ्हाईक मिळवून देतों, मग हें ऋण कसलें?’ आक्षेप पोकळ नाहीं. बाहेरून आलेल्या पैशानें गांवाची भरभराट होते, हें खरें. नीस शहरीं १८२० नंतरच्या दशकांत एका कडक हिंवाळ्यानें बागा मारल्या आणि मजूर उघड्यावर पडले, तेव्हां तेथें राहणाऱ्या इंग्रजांनीं वर्गणी काढून समुद्रकांठचा रस्ता बांधण्याचें काम त्यांना दिलें. तो रस्ता आजहि इंग्रजांच्या नांवानें ओळखला जातो. ते इंग्रज त्या रस्त्यावर स्वतःच फिरणार होते, हें खरें. पण परोपकार व स्वहित एका वाटेनें चाललीं म्हणून तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु सूर्यप्रकाशास जरी किंमत पडत नसली, तरी त्याच्या भोंवतालच्या वस्तु मोजक्या असतात. वाळवंटांत पाणी मोजकें, बेटावर जमीन मोजकी. फीनिक्स व टूसॉन या शहरांकडे कोलोरॅडो नदीचें पाणी ३३६ मैलांच्या कालव्यानें आणावें लागतें. ऑगस्ट २०२१ मध्यें त्या नदीच्या पाण्याची टंचाई सरकारनें प्रथमच जाहीर केली, आणि पहिली मोठी झळ शहरांतल्या बंगल्यांस न लागतां ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांस लागली. २० एप्रिल २०२४ रोजीं कॅनरी बेटांतील हजारों रहिवासी रस्त्यावर उतरले. उन्हासाठीं येणाऱ्या परक्यांमुळें आपल्याच गांवीं आपल्याला घर मिळेनासें झालें, ही त्यांच्या तक्रारींतील एक मुख्य तक्रार होती. आपल्या दाराशीं गोवा आहे. मोठ्या शहरांतील सुखवस्तु कुटुंबें तेथें दुसरें घर घेतात, वर्षांतील बराच काळ त्या घरास कुलूप असतें, आणि शेजारच्या वाड्यावरील तरुण जोडप्यास मात्र वाढलेल्या भावांत चार खोल्या बांधणें जड जातें. या सर्व ठिकाणीं विकत घेणाऱ्यानें कायद्याचें पाऊल ओलांडलेलें नाहीं. पण किंमत दिली म्हणजे देणें संपलें, हा बाजाराचा नियम आहे; गांवाचा तो नियम नव्हे.

आणखी एक गोष्ट अशी कीं, हवा ही कोणाची बांधील नाहीं. ऑगस्ट २००३ मध्यें उष्णतेच्या लाटेनें फ्रान्समध्यें सुमारें १५ हजार माणसें दगावलीं, त्यांत वृद्धच फार. २०२३ च्या उन्हाळ्यांत फीनिक्समध्यें सलग ३१ दिवस तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर चढत राहिलें, आणि त्या वर्षीं तेथील जिल्ह्यांत उष्णतेशीं संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. मृतांत बेघरांचा भरणा मोठा होता. पृथ्वी तापत चालली आहे, आणि काल जेथें ऊब होती तेथें उद्यां आग होण्याचा संभव आहे. जो केवळ हवेसाठीं आला तो अशा वेळीं काय करील? तो पुन्हां नकाशा उलगडील आणि आतां उत्तरेकडे बोट फिरवील. हवेसाठीं आलेला मनुष्य हवेसाठींच जातो. मागें राहतात ते, ज्यांस जाण्याचें सामर्थ्य नाहीं; आणि ते, ज्यांस तें असूनहि जाववत नाहीं. या दुसऱ्या वर्गांत जो मोडेल त्याचेंच तें घर होतें असें आम्ही समजतों.

उतारवयांत घर सोडण्याची कल्पना आपल्या परंपरेस नवी नाहीं. वानप्रस्थ म्हणजे तरी दुसरें काय? गृहस्थाश्रम आटोपल्यावर मनुष्यानें वनाची वाट धरावी, असें शास्त्रकार सांगत आले. महाराष्ट्रांतील कितीएक वृद्ध अखेरच्या दिवसांसाठीं काशीवास पत्करीत. तेथील उन्हाळाहि कडक आणि हिंवाळाहि बोंचरा, हें ठाऊक असतां पत्करीत. तेव्हां घर सोडण्यांत अनुचित कांहीं नाहीं. प्रश्न काय कमी करण्यासाठीं सोडलें हा आहे. जुना वानप्रस्थ आपल्या गरजा कमी करण्यास निघे. नव्या वानप्रस्थाचा कल आपल्या गैरसोयी कमी करण्याकडे असतो, आणि गैरसोयींच्या यादींत माणसें केव्हां शिरतात हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं. प्रथम बर्फ नको. मग गोंगाट नको. मग दुसऱ्यांचीं मुलें नकोत. आणि शेवटीं जें उरतें त्या स्वच्छ, उबदार, निवांत जागीं सोबतीस कोणी नसतें. ऊब ही हवेंत असते तशी माणसांतहि असते, हें आपल्या आजीस कोणीं शिकवावें लागलें नव्हतें.

जातां जातां मागें राहिलेल्यांविषयींहि दोन शब्द बोलले पाहिजेत. उत्तरेंतील ज्या शहरानें तीस वर्षें पोटाला दिलें, ज्याच्या बर्फांत शेजाऱ्यानें आपली गाडी ढकलून दिली, आजारपणांत ज्याच्या दवाखान्यानें आपल्याला वांचविलें, त्या शहराचेंहि कांहीं देणें आहे. तें सोडतांना अपराध्यासारखें निघण्याचें कारण नाहीं, पण हिशेब चुकता झाला असें समजून निघणें मात्र बरें नव्हे. त्याचप्रमाणें, परत पुण्यास किंवा कोंकणांत येणाऱ्यानें ‘हें तर आपलेंच’ म्हणून ऋणांतून सुटलों असें मानूं नये. तीस वर्षांच्या अंतरानें आलेला मनुष्यहि एका अर्थीं नवा रहिवासीच असतो. गांवानें त्याच्यामागें आपला संसार चालविलेला असतो, आणि आतां पाण्यानें त्यास पुन्हां मानवावयाचें असतें.

आमच्या मित्रांस आम्हीं अमुक गांव निवडा असें कळविलें नाहीं. तसें सांगणें आमच्या अधिकारांतलें नव्हे. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था त्यांस ठाऊक, आणि त्यांस ऊन मिळावें अशी आमचीहि मनापासून इच्छा आहे. आम्हीं इतकेंच लिहिलें कीं, तक्त्यांत आणखी एक रकाना वाढवावा: या गांवास आपल्या हातून काय मिळेल? ज्या गांवापुढें तो रकाना कोराच राहील, तेथें बेरीज कितीहि मोठी आली तरी तें गांव हवापालटापुरतें ठीक समजावें. बिऱ्हाड तेथें करावें, घर करूं नये.